पाव आटा

जुनी डिझेल पिकअप घाटात दमली की मालक ड्रायव्हरवर संशय घेतो, ड्रायव्हर डिझेलवर, डिझेल विकणारा मिस्त्रीवर आणि मिस्त्री पंपावर. तिथे चौकशी संपते, कारण पंपाला तोंड नसतं. चार नळ्या वर काढून इंजिनाच्या कुशीला बसलेला तो अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा सगळे आरोप निमूट ऐकून घेतो.

हा पंप म्हणजे इंधन भरायचा पंप नव्हे. टाकीतून आलेलं डिझेल मोजून, दाबून, प्रत्येक सिलिंडरच्या नोझलला नेमक्या क्षणी पोचतं करणारा हा फ्युएल इंजेक्शन पंप. पेट्रोल गाडीत ठिणगी पाडायला प्लग असतो. डिझेलमध्ये ठिणगीच नाही. दाबून तापलेल्या हवेत डिझेल पडलं की ते आपोआप पेटतं, म्हणजे कधी पेटायचं आणि किती पेटायचं हे सगळं या पंपाच्या हातात. एवढी सत्ता एकाच ठिकाणी एकवटली की तिथे ढवळाढवळ करणारे जमणारच.

कोल्हापूर भागात तर ते जरा जास्तच जमतात. उसाला पाणी पाजायला आणि गुऱ्हाळाला इथे पिढ्यान्‌पिढ्या ऑइल इंजिनं वापरली गेली, आणि उद्यमनगरात ती तयारही झाली. त्यामुळे डिझेल इंजिनाबद्दल मत नसलेला माणूस या भागात सापडणं अवघड. मुलगा कॉम्प्युटर इंजिनिअर असो की बँकेत, बॉनेट उघडलं की त्याच्यातले आजोबा जागे होतात.

अशाच एका गॅरेजात आंब्याच्या हंगामात एक पिकअप येऊन लागली. देवगडहून पेट्या भरायच्या, फोंडा घाट चढायचा आणि पहाटेच्या सौद्याला कोल्हापूर गाठायचं, हा तिचा धंदा. मालकाची तक्रार एका वाक्याची.

“घाटात गाडी ओढंना झालीया.”

मिस्त्रींनी बॉनेट उघडण्याआधीच मागच्या बाजूला पाच-सहा जण सायलेन्सरभोवती उभे राहिले. धूर बघून निदान करण्याचा हा विधी कुंडली मांडण्याइतकाच गंभीर असतो. त्यात मूळ शास्त्र खरं आहे. काळा धूर म्हणजे हवेच्या मानाने डिझेल जास्त. पांढरा म्हणजे डिझेल न पेटताच बाहेर पडतंय किंवा पाणी शिरलंय. निळा म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. पंचाईत एवढीच, की जुन्या गाडीचा धूर या तिन्ही रंगांच्या मधल्या कुठल्यातरी छटेचा असतो, आणि बघणाऱ्याला तो आपल्या आवडत्या दुखण्याच्या रंगाचा दिसतो. ज्याने नुकतंच हेड उतरवून घेतलंय त्याला पांढरा, ज्याच्या पिस्टन रिंगा गेल्यात त्याला निळा. मिस्त्रींना काळा दिसला.

“पंप आहे,” ते म्हणाले. “पाव आटा कमी-जास्त करायला लागंल.”

हा पाव आटा म्हणजे स्क्रूची एक चतुर्थांश फेरी. पंपाच्या गव्हर्नरकडच्या बाजूला एक स्क्रू असतो. ॲक्सिलेटर पूर्ण दाबल्यावर जास्तीत जास्त किती डिझेल सोडायचं, याची हद्द तो ठरवतो. कारखान्यात आणि पंपाच्या दुकानात तो मोजमाप करून बसवतात आणि त्यातून तार ओवून शिशाचं सील ठोकतात. सिलाचा अर्थ ‘इथे हात लावू नका’ असा आहे. रस्त्यावर त्याचा अर्थ ‘खरी ताकद इथे लपवलेली आहे’ असा घेतला जातो.

या स्क्रूचं राजकारण समजून घ्यायला हवं. ड्रायव्हरला ओढ हवी असते, मालकाला ॲव्हरेज. दोघांचीही मागणी एकाच स्क्रूकडे. मालक नसताना ड्रायव्हर येतो, चहा पाजतो आणि हळूच म्हणतो, “थोडं वाढवा की, घाटात लई कुचंबणा होतीया.” मिस्त्री पाव आटा आत घेतात. गाडी घाटात धावते, मागे काळा पडदा सोडते आणि महिनाअखेरीला मालकाला डिझेलचं बिल दिसतं. मग मालक येतो, तोही चहा पाजतो. मिस्त्री पाव आटा बाहेर घेतात. काही दिवसांनी ड्रायव्हर पुन्हा येतो. गाडीत फरक काही पडत नाही, पण चहावाला या व्यवस्थेवर खूश असतो.

या दोघांना जे हवंय ते एकाच वेळी मिळत नाही, याचं कारण साधं आहे. जुन्या, टर्बो नसलेल्या इंजिनात हवा जाऊन जाऊन किती जाणार? जेवढी मावते तेवढीच. डिझेल वाढवलं तर सुरुवातीला थोडी ताकद मिळते. त्यापुढे हवा पुरत नाही आणि जास्तीचं डिझेल काजळी होऊन सायलेन्सरमधून बाहेर पडतं. पुढचे खटले आतल्या आत चालतात: सिलिंडर तापतो, पिस्टनचं डोकं तापतं. ड्रायव्हरला मात्र काळा धूर दिसला की गाडीने मनावर घेतलं असं वाटतं.

हे सगळं ज्या यंत्राबाबत चालतं, त्याचा नाजूकपणा बघितला तर हसावं की रडावं कळत नाही. रुडॉल्फ डिझेलने 1897 मध्ये जर्मनीतल्या आउग्सबुर्गला आपलं इंजिन चालवून दाखवलं, तेव्हा त्यात इंधन फवारायला दाबलेली हवा वापरावी लागे. त्या हवेसाठी वेगळा कॉम्प्रेसर, आणि असलं धूड गाडीत बसवायचं कसं? रॉबर्ट बॉशच्या माणसांनी 1922 मध्ये गाडीत मावेल अशा पंपावर काम सुरू केलं आणि 1927 मध्ये तो कारखान्यातून नियमित बाहेर पडू लागला. आपल्याकडे त्यांची मायको कंपनी 1951 मध्ये बंगळूरला सुरू झाली. पुढे नाशिकच्या सातपूरलाही कारखाना आला आणि शहरात एका चौकाला मायको सर्कल हे नाव चिकटलं. कंपनीने 2008 मध्ये आपलं नाव बदलून बॉश करून घेतलं. ही बातमी गॅरेजांपर्यंत अजून पोचायची आहे. तिथे पंप म्हणजे मायको.

या पंपात प्रत्येक सिलिंडरसाठी एक प्लंजर आणि एक बॅरल असतो. गॅरेजच्या भाषेत दोन्ही मिळून ‘एलिमेंट’. त्यांच्यातली फट मिलिमीटरच्या दोन-तीन हजारांश एवढी. माणसाचा केस त्यापुढे दोरखंड. जोडी एकमेकांसाठीच घासून तयार केलेली असते, याचा प्लंजर त्याच्या बॅरलमध्ये चालत नाही. इंजिन मिनिटाला 2000 फेरे घेत असेल, तर पंप त्याच्या निम्म्या वेगाने फिरतो आणि चार सिलिंडरांना मिळून मिनिटाला 4000 वेळा डिझेल मारतो. दर वेळचा फवारा जेमतेम थेंबभर. हजारांश मिलिमीटरच्या हिशेबावर चालणारी ही वस्तू आपल्याकडे ‘पाव आटा’, ‘वाईच’ आणि ‘अजून जरासं’ या तीन मापांत बसवली जाते.

तर मिस्त्रींनी सील तोडलं. तोडण्यासारखं फार उरलंही नव्हतं. आधीच्या कुणीतरी शिशाऐवजी तारेला गाठ मारून ठेवली होती. पाव आटा आत घेतला, एक फेरी मारून आले, फरक नाही. अजून पाव आटा. धूर वाढला, ओढ तीच. मिस्त्रींनी शेवटी पाना खाली ठेवला आणि ज्या वाक्याला सगळे मालक भितात ते वाक्य उच्चारलं.

“पंप उतरवायला लागतोय. आबांच्याकडं टाकूया.”

पंपवाले आबा ही प्रत्येक गावात एक स्वतंत्र संस्था असते. गॅरेज कितीही तेलकट असो, आबांची खोली वेगळी, दार लावलेली, आत जाताना चप्पल बाहेर. पंप उघडताना कापडाचा बोळा वापरायचा नाही, कारण कापसाचा एक तंतू आत अडकला तरी एलिमेंट चिकटतं. सुटे भाग स्वच्छ डिझेलमध्ये धुवायचे आणि तसेच निथळत ठेवायचे. आबांनी एक प्लंजर डिझेलमध्ये भिजवला, बॅरलमध्ये अर्धा वर ओढून उभा धरला आणि सोडला. तो आपल्या वजनाने सावकाश, न अडखळता खाली उतरला. मालकाने श्वास रोखला होता. आबांनी दुसरा सोडला. तोही उतरला. तिसरा जरा घाईत उतरला, तशी आबांनी चष्म्यावरून मालकाकडे पाहिलं.

“रॉकेल घालता काय?”

“छे हो!” मालक म्हणाला, आणि ड्रायव्हरने भिंतीवरचं कॅलेंडर लक्षपूर्वक वाचायला घेतलं. प्लंजरला वेगळं वंगण नसतं, डिझेलच्या तेलकटपणावरच ते चालतात. रॉकेल पातळ, ते मिसळलं की धातूला धातू घासतो आणि फट वाढत जाते. आबांना हे सगळं माहीत असतं. ते फक्त प्रश्न विचारतात आणि उत्तरावर विश्वास ठेवत नाहीत.

मग पंप टेस्ट बेंचवर चढला. मोटर पंपाला फिरवते, चार नळ्यांतून तपासणीचं खास तेल चार नोझलांतून काचेच्या चार उभ्या नळ्यांत उतरतं. ठरलेले स्ट्रोक झाले की यंत्र आपोआप थांबतं आणि माप वाचायचं. पहिल्या तीन नळ्यांतलं तेल जवळपास एका रेषेत, चौथीतलं स्पष्टपणे वर. म्हणजे तीन सिलिंडर काटकसरीत आणि चौथा जेवणावळीत. आबांनी झाकण उघडलं, आतल्या दातेरी पट्टीचा बारीक स्क्रू सैल केला, एलिमेंटची बाही खिळ्याएवढ्या पंचने अलगद टोचून सरकवली आणि स्क्रू पुन्हा आवळला. पुन्हा मोटर, पुन्हा चार नळ्या. आता चौथीतलं तेल खाली गेलं होतं. पुन्हा टोचणं. हे तासभर चाललं आणि त्या तासभरात आबा एक शब्द बोलले नाहीत. ज्या माणसाकडे मापाची नळी असते त्याला मत मांडावं लागत नाही, हे बघून बाहेरचे बघे थोडे नाराज झाले.

शेवटी चार्ट बघून मोठा स्क्रू लावला, नवी तार ओवली, नवं शिसं दाबलं. “आता हात लावायचा न्हाई,” आबा मिस्त्रींना म्हणाले. मिस्त्रींनी दुखावलेल्या चेहऱ्याने मान डोलावली.

पंप परत इंजिनावर बसवणं हा दुसरा अंक. पंप डिझेल किती देतो हे आबांनी ठरवलं. कधी देतो हे आता गॅरेजात ठरायचं. पंपाच्या बुडाशी लांबट छिद्रं असतात. बोल्ट सैल करून पंप थोडा इंजिनाकडे किंवा इंजिनापासून फिरवला की टायमिंग पुढे-मागे होतं. लवकर झालं तर इंजिन कडक आवाजात ठोकतं. उशिरा झालं तर ओढ जाते, पांढरा धूर येतो आणि रेडिएटर तापतो. नेमकी जागा कळावी म्हणून कारखान्याने पंपाच्या आणि इंजिनाच्या कडेवर एक बारीक रेघ कोरलेली असते. या गाडीवर रेघांची पंगत बसली होती. आजवरच्या प्रत्येक मिस्त्रीने आपली खूण छिन्नीने मारून ठेवली होती, कुणी एक टिंब, कुणी दोन, एकाने बाण. कंपनीची कुठली हे सांगायला कंपनीच यायला हवी होती.

म्हणून जुनी, खात्रीची पद्धत. पहिल्या एलिमेंटचा डिलिव्हरी व्हॉल्व काढायचा आणि त्या जागी हंसाच्या मानेसारखी वाकलेली बारीक नळी लावायची. एकाने हातपंप मारत राहायचं, दुसऱ्याने पुलीच्या नटाला पाना लावून इंजिन हळूहळू फिरवायचं, तिसऱ्याने नळीच्या टोकाला डोळा लावायचा. सुरुवातीला धार पडते, मग तुटक थेंब, मग थेंब पडायचा थांबतो. थांबला त्या क्षणी पंप डिझेल द्यायला लागला. तेव्हा पुलीवरची खूण ठरलेल्या अंशावर असली पाहिजे.

प्रस्तुत लेखकाकडे या कार्यात टॉर्च धरण्याची जबाबदारी होती. तो प्रकाश नेमका थेंब सोडून बाकी सर्वत्र पाडतो, असं मिस्त्रींचं मत पडल्याने टॉर्च लगेच चहावाल्या पोराकडे गेला.

“थांब!” मिस्त्री ओरडले.

“थांबलो की!” खालून क्लीनर.

“थांबलास, पण पुढं जाऊन थांबलास. मागं घे.”

क्लीनरने मागे घेतलं. आता हेही चालत नाही. गिअरांच्या दातांत ढिलाई असते, त्यामुळे खूण ओलांडली की चांगलं मागे जाऊन पुन्हा पुढूनच यावं लागतं. ही गोष्ट मिस्त्रींनी क्लीनरला समजावली, क्लीनरने ‘होय होय’ म्हटलं आणि पुढच्या खेपेला पुन्हा खूण ओलांडली. अखेर थेंब जागेवर थांबला तेव्हा गॅरेजातल्या सगळ्यांनी तो थांबलेला थेंब एकेक करून बघितला. मिस्त्रींनी बोल्ट आवळले आणि छिन्नी घेऊन आपलीही एक खूण मारली.

मग हवा काढणं. नळ्यांत हवेचा बुडबुडा राहिला तर दाब तयार होत नाही, इंजिन नुसतं घुरघुरतं. फिल्टरवरचा स्क्रू सैल करायचा, हातपंप मारायचा, फेस जाऊन स्वच्छ डिझेल आलं की आवळायचा. मग नोझलांच्या नळ्यांचे नट सैल करून स्टार्टर. इथे एक इशारा गमतीत घेऊ नये. नोझलमधून निघणारी धार शंभराहून अधिक वातावरणांच्या दाबाची असते आणि ती सहज कातडी फोडून आत शिरते. ‘फवारा येतोय का’ हे तळहात धरून बघणारे शूर लोक पुढे दवाखान्यात दिसतात.

गाडी सुरू झाली. आवाज बांधीव, धूर जेमतेम. “एक नंबर,” असं बघ्यांनी जाहीर केलं. मालक ड्रायव्हरशेजारी बसून फेरी मारायला गेला आणि चढावरून परत आला तो चेहरा पाडूनच.

“ओढंना.”

आता मिस्त्री स्वतः ड्रायव्हरच्या जागी बसले. ॲक्सिलेटर दाबला. मग खाली वाकून बघितलं. मग उतरले आणि मालकाकडे न बघता म्हणाले, “ही मॅट कुणी घातली?”

हंगामाच्या सुरुवातीला मालकाने हौसेने जाडजूड रबरी मॅट आणली होती, खाली मऊ स्पंज लावलेली. पेडल त्या मॅटवर टेकत होतं आणि निम्म्याहून थोडंसंच पुढे जाऊन थांबत होतं. पंप पूर्ण डिझेल द्यायला तयार होता, त्याला कुणी सांगतच नव्हतं. मॅट काढली, पिकअप भरधाव चढ चढून आली. गॅरेजात काही क्षण कुणी बोललं नाही.

“तरीपण,” मिस्त्री म्हणाले, “चौथा सिलिंडर जास्तच पीत होता. पंप बघायलाच पाहिजे होता.” हे खरंही होतं, त्यामुळे बिलावर वाद घालता आला नाही. मालकाने मॅट टाकून न देता घरी नेली.

पी.यू.सी.च्या दिवशी या स्क्रूला पुन्हा महत्त्व येतं. भारत स्टेज चारच्या आधीच्या डिझेल गाड्यांना 65 हार्ट्रिज ही धुराची हद्द; गाडी उभी ठेवून ॲक्सिलेटर एकदम दाबायचा आणि निघालेल्या धुरातून किती उजेड अडतो ते यंत्राने मोजायचं. सकाळी स्क्रू बाहेर, तपासणी, दुपारी स्क्रू आत. कायद्याच्या नजरेत गाडी सहा महिने स्वच्छ असते; प्रत्यक्षात दुपारच्या जेवणापर्यंत.

हे फक्त आपल्याकडेच चालतं असं समजून कुणी खजील होऊ नये. अमेरिकेत 1989 ते 1993 दरम्यानच्या डॉज पिकअपमध्ये कमिन्सचं 5.9 लिटरचं इंजिन आणि बॉशचा रोटरी पंप यायचा. त्याचाही स्क्रू असाच सील केलेला आणि त्याचे मालकही असेच उत्सुक. तिथले काही वीर तर धूर कमी करायला नव्हे, मुद्दाम वाढवायला स्क्रू फिरवतात. धूर रोखणाऱ्या यंत्रणेशी अशी छेडछाड करायला तिथल्या कायद्याने बंदी आहे. स्क्रू जास्त आत गेला तर तो पंप इंजिनाला ताब्यातच ठेवत नाही. पाय काढला तरी इंजिन किंचाळत राहतं. जुन्या गाड्यांत अशा वेळी ‘स्टॉप’ची दांडी ओढायची असते. ती हातात निघून आली, तर पोतं घेऊन हवेच्या तोंडात कोंबायचं, दुसरा इलाज नाही. एका गॅरेजात हे घडलं तेव्हा इंजिन बंद करायला मिस्त्री धावले आणि पोतं शोधायला बाकी सगळे रस्त्यापलीकडे धावले, ते इंजिन शांत झाल्यावरच परतले.

नव्या कॉमन रेल गाड्यांत हा स्क्रू उरला नाही. डिझेलचा हिशेब आता कॉम्प्युटर ठेवतो आणि मिस्त्री लॅपटॉप घेऊन येतात. तेव्हा ज्यांना जुनी पिकअप घ्यायची आहे त्यांनी बॉनेट उघडल्यावर आधी पंपाकडे बघावं. विकणारा म्हणेल, “पंपाला आजवर कुणी हात लावलेला नाही.” सिलाची तार नीट निरखा, स्क्रूचे कोपरे गोल झालेत का ते बघा, पंपाच्या कडेवरच्या छिन्नीच्या खुणा मोजा आणि प्रत्येक खुणेमागे किंमत थोडी कमी करायला सांगा. सील एकदम नवं कोरं दिसलं तर कुठल्या दुकानात मारलं ते विचारा. आणि फेरी मारायला बसण्याआधी पायाखालची मॅट उचलून बघा.